नर्सबाईंचं रशियन भिंग

नर्सबाई कुणाच्या घरी बाळंतपणाला गेल्या की आधी बाळंतिणीकडे पाहत नसत. उंबऱ्यात क्षणभर उभ्या राहायच्या. मान वर करून कौलांकडे बघायच्या, मग भिंतीतल्या झरोक्याकडे, मग मागच्या दाराकडे, आणि विचारायच्या, "उजेड कुठून येते इथं?" घरातली माणसं गोंधळून जायची. आत बाई कळा देते आहे आणि ही सरकारी नर्स उजेडाची चौकशी करते! कुणीतरी घाईघाईनं म्हणायचं, "कंदील लावतो ना, बाई." त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "कंदील राहू द्या. खाट फिरवा." खाट फिरायची, पायथा दाराकडे यायचा, आणि मग त्या पदर खोचून, हात धुऊन कामाला लागायच्या. "दिसन त करन," असं त्या म्हणत. दिसलं तर करता येईल, इतका साधा त्याचा अर्थ.

भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यात, आसगावच्या अलीकडे एका गावात सरकारी दवाखाना होता. तिथं मी कंपाउंडर म्हणून रुजू झालो तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. सत्तरच्या दशकातली सुरुवातीची वर्षं होती. नर्सबाई तेव्हा चाळिशीच्या आसपास असाव्यात. मूळच्या सानगडीकडच्या. नवरा लग्नानंतर दोनेक वर्षांतच वारला होता, त्याबद्दल त्या कधी बोलत नसत. हजेरीपटावर त्यांचं नाव होतं, पण ते वर्षातून एकदा, पगारवाढीच्या कागदावर वाचलं जाई. एरवी डॉक्टरांपासून मासेमारांच्या ढिवरटोलीतल्या पोरांपर्यंत सगळ्यांच्या त्या नर्सबाई. पांढरं लुगडं, उजव्या हातात बाळंतपणाची पेटी, डाव्या हातात काळी छत्री, आणि पदराखाली गळ्यात अडकवलेला कॅमेरा. धानाच्या बांध्यांमधल्या अरुंद धुऱ्यावरून, मातीच्या बांधावरून, त्या अशा चालत की वाटावं, धुराच त्यांच्या पावलांच्या मापानं घातला आहे.

कॅमेरा जर्मन होता आणि युद्धाच्याही आधीचा. नागपूरला ज्या डॉक्टरीणबाईंच्या हाताखाली त्या शिकल्या, त्यांनी काम थांबवताना तो यांना दिला होता. वर पांढरा पत्रा, खाली काळं कातडं, आणि पुढे आट्यांनी बसवलेलं भिंग. लोणच्याच्या बरणीचं झाकण फिरवून काढावं तसं ते भिंग निघायचं. त्या कॅमेऱ्यात भिंगातून बघता येत नसे. बाजूला एक बारकी खिडकी होती. तिच्यातून पाहिलं की समोरच्या माणसाच्या दोन प्रतिमा दिसत, एक खरी आणि एक पिवळसर, पुसट. भिंगाची कडी फिरवत फिरवत त्या एकमेकींवर आणायच्या. त्या जुळल्या की नर्सबाई ओठातल्या ओठात म्हणत, "लगन लागलं," आणि मग बटण दाबत. त्या बटणाचा आवाज इतका बारीक होता की झोपलेलं मूल कूस बदलत नसे.

त्या फोटो काढायच्या ते फक्त लहान बाळांचे आणि त्यांच्या आयांचे. हे कसं सुरू झालं ते त्यांनी मला एका दुपारी मलमाच्या डब्या भरता भरता सांगितलं. तलावाच्या काठच्या ढिवरटोलीत एका बाईचं दहा महिन्यांचं मूल गेलं होतं. वर्षभरानं ती बाई दुसऱ्या बाळंतपणासाठी नाव नोंदवायला आली आणि एकदम रडायला लागली. नर्सबाईंना वाटलं, भीती वाटत असेल. पण ती म्हणाली, "बाई, मले त्याचा चेहराच याद येत नाई. किती डोळे मिटले तरी येत नाई." हे सांगताना नर्सबाईंचा हात डबीवर थांबला होता. "भाऊ," त्या म्हणाल्या, "याच्यावर माह्या पेटीत काय औषध हाय, सांगा." त्या बाईला भेटल्यापासून त्यांनी बारशाच्या दिवशी फोटो काढायचा नेम धरला. रोल स्वतःच्या पगारातून आणायच्या, धुऊन छापून घ्यायच्या पवनीच्या एका स्टुडिओत, आणि फोटो नेऊन द्यायच्या फुकट.

म्हाताऱ्या बाया आधी ऐकत नसत. तान्ह्या लेकराचा फोटो काढला की नजर लागते, आयुष्य कमी होतं, अशी समजूत होती. नर्सबाईंनी कुणाशी वाद घातला नाही. त्या घरातलीच काजळाची डबी मागत, बोटानं एक ठळक तीट घेत आणि ती बाळाला न लावता कॅमेऱ्याच्या पांढऱ्या पत्र्यावर लावत. "नजर याची हाय ना? मंग यालेच लावते." म्हाताऱ्या हसत आणि बाजूला सरत. त्या पत्र्यावर इतक्या घरांचं काजळ बसलं होतं की पुसूनही तो डाग पुरता जात नसे.

माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी पावसाळ्यानंतर कॅमेऱ्याच्या भिंगात बुरशी निघाली. उजेडाकडे धरलं की आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसत. नागपूरच्या कारागिरानं सांगितलं की काचेवरचा थर बुरशीनं खाल्ला, आता साफ करूनही उपयोग नाही, दुसरं भिंग बघा. नवं भिंग आपल्याकडे मिळणंच कठीण होतं, आणि मिळालं तरी परवडण्यासारखं नव्हतं. तेव्हा जुन्यातलंच, पण त्याच आट्यांवर बसणारं शोधायचं ठरलं. एका रविवारी आम्ही दोघं सकाळच्या एसटीनं नागपूरला निघालो. मी सोबत होतो कारण कॉलेजात असताना मला फोटोंचा थोडा नाद होता, आणि त्यामुळे मी स्वतःला जाणकार समजत होतो.

सीताबर्डीच्या एका गल्लीत जुन्या कॅमेऱ्यांचं दुकान होतं. दुकानदार म्हातारा, हळू बोलणारा. त्यानं काउंटरवर निळं मखमली फडकं पसरलं आणि त्यावर तीन भिंगं मांडली. पहिलं जर्मन, छोटंसं, मिटून आत जाणारं. काच इतकी निर्मळ की जणू नाहीच. किंमत परवडणारी, पण ते उजेड कमी घेणारं होतं. दुसरंही जर्मनच, पण मोठ्या तोंडाचं, भरपूर उजेड घेणारं. त्याची किंमत ऐकून नर्सबाईंनी ते उचललंसुद्धा नाही. तिसरं रशियन. पांढऱ्या हलक्या धातूचं, तोंड दुसऱ्याइतकंच मोठं, किंमत पहिल्याहून कमी. काचेच्या कडेला एक ओरखडा होता, आणि कडी फिरवली की गार झालेल्या शिऱ्यात चमचा फिरवावा तशी जड फिरत होती.

नर्सबाईंनी पेटीतून घसा तपासायची बॅटरी काढली. रोग्याला 'आ' करायला लावावं तसं एकेका भिंगाचं तोंड पूर्ण उघडून मागून उजेड पाडला. तोंड उघडमीट करणाऱ्या आतल्या पात्यांवर तेल आहे का ते पाहिलं. नाकाशी धरून वास घेतला. दुकानदार चकित झाला. "सूंघ के क्या देखते हैं, बहनजी?"

"बुरशी दिसायच्या आधी तिचा वास येते," त्या म्हणाल्या.

मी त्यांना बाजूला घेऊन समजावलं. "बाई, पहिलं घ्या. निर्मळ काच आहे, ओरखडा नाही, चांगल्या घरचं आहे. रशियन भिंगाचा काय भरवसा?"

त्यांनी माझं पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "भाऊ, मी फोटो कुठी काढते? बाळंतिणीच्या खोलीत. तिथं एक झरोका रायते, तोबी अर्धा पोत्यानं झाकला रायते. या निर्मळ भिंगातून मले अंधार निर्मळ दिसन. त्याचं मी काय करू?"

मी म्हणालो, "मग पहिलं घ्या आणि त्याच्यासोबत फ्लॅश घ्या."

"बारा दिवसाच्या लेकराले वीज कायले दाखवता?" त्या म्हणाल्या, आणि वाद संपला.

रशियन भिंग घेतलं. दुकानदारानं ते कापसात गुंडाळून डबीत ठेवलं आणि देता देता म्हणाला, "बहनजी, बॉडी जर्मन, लेन्स रूसी. दूर का बढ़िया आएगा. पास का एक बार देख लेना." आम्ही दोघांनी मान हलवली. एसटी पकडायची घाई होती, आणि त्या म्हाताऱ्याला काय म्हणायचं आहे ते मी तरी मनावर घेतलं नाही. जाणकार मी होतो, म्हणून हे इथं लिहून ठेवतो.

पहिला रोल आम्ही दवाखान्याच्या अंगणात संपवला. डॉक्टर, शिपाई, विहिरीवरच्या बाया, सायकलवर मी. सगळे फोटो खणखणीत आले. नर्सबाई एकेक फोटो हातभर लांब धरून पाहत होत्या आणि म्हणत होत्या, "पाहा, ओरखडा कुठी दिसते काय?" कुठंच दिसत नव्हता.

दुसऱ्या रोलमध्ये कौसल्याचं बाळ होतं.

कौसल्या ही गावातल्या एका कास्तकाराची सून. लग्नाला आठ वर्षं होऊन मूल नव्हतं. तिच्या सासूनं या आठ वर्षांत जे करायचं ते सगळं करून पाहिलं होतं, आणि जे बोलायचं तेही सगळं बोलून झालं होतं. शेवटी मुलगा झाला. बाराव्या दिवशी सासू स्वतः दवाखान्यात आली आणि नर्सबाईंना घेऊन गेली. काजळाची डबीही तिनंच पुढं केली. खोलीत एक हातभर झरोका होता. नर्सबाईंनी दाराच्या चौकटीला पाठ टेकवली, भिंग पूर्ण उघडलं, श्वास धरला आणि दोन फोटो काढले. एक जवळून बाळाचा, आणि एक दोघांचा. मी बाहेर ओसरीवर बसून चहा पीत होतो. आतून मला ऐकू आलं, "लगन लागलं."

रोल काटकसरीनं वापरला जाई, त्यामुळे तो संपायला वेळ लागायचा. तो संपायच्या आत बाळ गेलं. थंडीचे दिवस, छातीत कफ भरला, भंडाऱ्याला नेता नेता वाटेतच. तेव्हा ते दीड महिन्याचं होतं. चार दिवसांनी कौसल्याचा दीर दवाखान्यात आला आणि दाराशीच उभा राहून म्हणाला, "वयनीनं फोटो मांगतला."

नर्सबाईंनी अर्धा रोल तसाच काढला आणि मला पवनीला पाठवलं. मी फोटो घेऊन परत आलो तेव्हा त्या दवाखान्याच्या पायरीवर वाट बघत बसल्या होत्या. मी पाकीट त्यांच्या हातात दिलं. स्टुडिओतच मी ते पाहिले होते. दोन्ही फोटोंत तेच. बाळाचा चेहरा धुक्यात असल्यासारखा. डोळे कुठं, नाक कुठं, नीट लागत नव्हतं. आणि त्याच्या मागची गोधडी मात्र इतकी स्पष्ट की टाका न टाका मोजता यावा.

त्यांनी दोन्ही फोटो पदरानं पुसून पुन्हा पाहिले. मी म्हणालो, "बाई, रोल खराब निघाला म्हणून सांगू. असं होतं कधी कधी. नसलेला फोटो बरा, पण असा नको."

"खोटं बोलून मी कोणाले इंजेक्शन देत नाई," त्या म्हणाल्या. "फोटो काहून देऊ?"

त्या एकट्याच गेल्या. तिथं काय झालं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. त्यांनी कौसल्याच्या हातात फोटो दिला आणि सांगितलं, "माह्यानं चुकला. चेहरा नाई आला." कौसल्यानं फोटो पाहिला, पदरात गुंडाळला आणि आत निघून गेली. बोलली ती सासू, आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशी बोलली. फोटो काढला म्हणून पोरगा गेला. चेहरा काढून नेला यंत्रानं, म्हणून फोटोत चेहरा नाही. पाहा, हा पुरावा.

गावात ही गोष्ट फिरायला एक दिवस लागला. आणि गोष्ट अशी होती की तिला उत्तर नव्हतं, कारण फोटोत खरंच चेहरा नव्हता. लोक नर्सबाईंशी वाईट वागले असं नाही. पण बोलावणी कमी झाली. हिवाळ्यात तीन घरांनी जुन्या सुइणीलाच बोलावलं. त्यातल्या एका बाईला दोन दिवस कळा देऊन शेवटी बैलगाडीत घालून आमच्याकडे आणलं. डॉक्टर आणि नर्सबाई दुपारपासून दिवेलागणीपर्यंत तिच्यापाशी होते. ती वाचली, मूलही वाचलं, पण कसंबसं. हात धुताना नर्सबाई मला म्हणाल्या, "भाऊ, माह्या फोटोपायी हे मरत होती." त्या दिवशी त्यांनी कॅमेरा ट्रंकेत ठेवून कुलूप लावलं.

पण त्यांच्या मनातून ते जात नव्हतं. महिन्याभरानं एका दुपारी त्या औषधांच्या खोलीत आल्या आणि म्हणाल्या, "फोटो मी आता काढणार नाई. पण चूक कुठी झाली ते मले समजलं पायजे." मग हळू आवाजात म्हणाल्या, "माहे डोळेच गेले असन त? मंग मले सुईबी धरता नाई येणार." तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा महिना त्यांनी कशाच्या भीतीत काढला होता.

मी मिक्श्चरच्या नऊ रिकाम्या बाटल्या घेतल्या, प्रत्येकीवर आकड्याची चिठ्ठी डकवली आणि ओसरीवरच्या बाकावर तिरप्या ओळीनं, चार चार बोटांच्या अंतरानं मांडल्या. नर्सबाईंनी टेबलावर कॅमेरा टेकवून, भिंग पूर्ण उघडून, बरोबर पाचव्या बाटलीवर प्रतिमा जुळवली आणि फोटो काढला. मग मी काढला. मग शिपायाला बोलावून त्याला काढायला लावला. रोल धुऊन आला तेव्हा तिघांच्याही फोटोत पाचव्या बाटलीचा आकडा पुसट होता आणि तिच्या मागच्या सहाव्या बाटलीचा चक्क वाचता येत होता.

म्हणजे डोळे शाबूत होते. जर्मन कॅमेऱ्याची मोजणी आणि रशियन भिंगाची मोजणी लांबवर जुळत होती, जवळ आलं की चार बोटांचा फरक पडत होता. म्हातारा दुकानदार हेच सांगत होता. मला शरम वाटली. मी म्हणालो, "बाई, भिंग परत नेऊन देतो. भांडतो त्याच्याशी."

"त्याच्याशी काहून भांडता? तो सांगत होता. आपण आयकलं नाई." फोटो त्यांनी पुन्हा एकदा पाहिला आणि कितीतरी दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर जरा मोकळं हसू आलं. "बैलाची खोड समजली की बैल कामाचा, भाऊ."

त्या खोडीवरचा उपाय त्यांनी स्वतःच शोधला. आईनं बाळाच्या चेहऱ्यापुढे, चार बोटं अंतर सोडून, आपलं एक बोट उभं धरायचं. यांनी त्या बोटावर दोन्ही प्रतिमा जुळवायच्या. मग आईनं बोट काढायचं, आणि यांनी बटण दाबायचं. बोटावर धरलं की नेम बरोबर डोळ्यांवर पडायचा. आणि एक गोष्ट आपसूक व्हायची. बोट बघायला बाळ डोळे उघडायचं आणि बोट गेल्यावरही क्षणभर तिथंच बघत राहायचं. हे सगळं त्यांनी माझ्याकडे राहायला आलेल्या भावाच्या तान्ह्या बाळावर करून पाहिलं, कारण गावात तेव्हा दुसरं कुणी आपलं बाळ पुढं करत नव्हतं.

दोन वर्षांनी कौसल्याला पुन्हा दिवस गेले. सासूनं सुईण ठरवली होती. नवव्या महिन्यात कौसल्यानं नवऱ्याला सांगितलं, "नर्सबाई येईन त ठीक. नाई त मी दवाखान्याच्या पायरीवर जाऊन बसते." आठ-दहा वर्षांत घरात वर मान न केलेली बाई असं बोलली म्हटल्यावर नवरा मुकाट्यानं बोलवायला आला. सकाळची वेळ होती. नर्सबाई गेल्या, उंबऱ्यात उभ्या राहिल्या, खाट फिरवून घेतली. दुपारपर्यंत मुलगी झाली. सासू ओसरीवर खांबाला टेकून बसून होती, आत आली नाही.

बाराव्या दिवशी नर्सबाई बाळाला तपासायला म्हणून गेल्या. पेटी धरायला मी सोबत होतो. तपासून झाल्यावर त्या उठल्या तर कौसल्या म्हणाली, "बाई, फोटो?"

"कॅमेरा नाई आणला, माय."

"मंग कोणाले तरी धाडा."

नर्सबाईंनी बाहेर ओसरीकडे पाहिलं. कौसल्या म्हणाली, "तिकडं काय पाहता? लेकरू माहं हाय." मग ती उठली, कोनाड्यातल्या डब्यातून एक कागदाची घडी काढली आणि तिच्यातून तो जुना फोटो बाहेर काढला. कडा मऊ झाल्या होत्या. तिनं तो नर्सबाईंपुढे धरला. "तुमी म्हणलं, चुकला. मी रोज पायते. हे गोधडी मी शिवली होती, बाई, सात महिने शिवत होती. ते सारी आली. टाका न टाका आला. तो तिच्यावर निजला हाय, एवढं त दिसते ना? मले तेवढ्यावर त्याचा चेहरा याद येते."

नर्सबाईंनी ट्रंकेची किल्ली माझ्या हातात दिली. मी सायकल इतकी जोरात कधी हाणली नाही. परत आलो तेव्हा कौसल्यानं मुलीला झरोक्याखाली घेतलं होतं, आणि बोट कसं धरायचं ते नर्सबाई तिला शिकवत होत्या. त्या फोटोत मुलीच्या डोळ्यांत झरोक्याचा बारका चौकोनसुद्धा दिसतो.

पुढची सात-आठ वर्षं बोलावण्यांची कमी राहिली नाही. नंतर त्यांना चांगलं भिंग परवडलंही असतं. नागपूरच्या त्याच दुकानात मी एकदा मोठ्या तोंडाचं जर्मन भिंग बरंच स्वस्तात पाहिलं आणि आनंदानं येऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्या पैशात किती रोल येतीन, ते सांगा," आणि मला सरळ रोल आणायला पिटाळलं. वस्तू असो की माणूस, आहे त्याच्यातली खोड आधी नीट मोजायची आणि मग चिडायचं की नाही ते ठरवायचं, हे मी त्यांच्याकडून शिकलो. दवाखान्यात, आणि संसारातही, मला त्याचा फार उपयोग झाला. बहुतेक वेळा फरक चार बोटांचाच निघतो.

ऐंशीनंतरच्या कुठल्याशा वर्षी त्यांची बदली मोठ्या हमरस्त्यावरच्या लाखनीकडे झाली. निघायच्या दिवशी सकाळी गावातल्या बाया एसटी थांब्यावर आल्या होत्या. कौसल्या होती, तिची मुलगी होती. आणि सगळ्यांच्या मागून काठी टेकत कौसल्याची सासू आली. इतक्या वर्षांत ती नर्सबाईंशी एक शब्द बोलली नव्हती. ती पुढं आली तशी बायांनी वाट दिली. तिनं कमरेची पिशवी काढून नर्सबाईंच्या हातात दिली. चिन्नोर तांदूळ होते, घरचे. "तिकडं ट्रकाईच्या गावात काय भेटन काय नाई," ती म्हणाली. "नीट जेवत जा."

एसटी आली. सामान चढलं. नर्सबाई खिडकीशी बसल्या. तेवढ्यात म्हातारी खिडकीखाली येऊन म्हणाली, "ओ नर्सबाई. माह्यावाला एक काढा."

"काय काढू, आजी?"

"फोटो. आता मले काय होते?"

कंडक्टर घंटीच्या दोरीला हात घालून उभा होता. नर्सबाई त्याला म्हणाल्या, "दोन मिनिटं थांब, बापू," आणि खाली उतरल्या. म्हातारीला चिंचेच्या सावलीतून बाहेर, उन्हात आणलं. तिचा पदर सारखा केला. म्हातारीनं आपण होऊन काजळाची चौकशी केली, तेव्हा सगळ्या बाया हसल्या, आणि मग म्हातारीही. फोटो काढला. एसटी गेली.

महिन्याभरानं फोटो माझ्या नावानं टपालानं आला. मी तो म्हातारीला नेऊन दिला. तिनं तो उजेडात धरून पाहिला, उलटा करून मागं पाहिलं, पुन्हा पाहिला. "इतकी म्हातारी झाली काय मी?" ती म्हणाली. "कोणी सांगतलंच नाई." मग तो तिनं कोनाड्यात, कौसल्याच्या डब्याशेजारी ठेवला.

त्यानंतर दीड वर्षातच नर्सबाई काविळीनं गेल्या. त्यांच्या भावाचं कार्ड आलं, तेव्हा तेरावं होऊन गेलं होतं. मी कौसल्याला सांगितलं. ती तिथंच खाली बसली आणि म्हणाली, "बुढीले नोका सांगू." म्हातारी त्यानंतर तीन वर्षं जगली. दर पंधरा दिवसांनी गुडघ्याचं तेल न्यायला दवाखान्यात यायची, बाकावर टेकायची आणि मला विचारायची, "काय जी कंपाउंडर, बाईची काही खबर? जेवते ना तिकडं नीट?"

मी बाटलीला बूच लावत म्हणायचो, "हाव आजी. जेवते."